एकोणीस मिनिटांतली चार

सतराव्या पाठाखालच्या चौकटीत कुणीतरी लिहून ठेवलं होतं : 'ही बाई खरी असूच शकत नाही. मला नाही जमणार.'

व्हर्लीन पेटवेनं ते वाचलं, चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला आणि पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती. बाकीच्या पाठांखाली नेहमीचंच : 'छान', 'उपयोगी', एकीचा नुसताच अंगठा, एकीचं 'आवाज बारीक येतो'. बेचाळीस पाठांच्या त्या यादीत आजवर कुणी कुणाला खोटं म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते कुणाला, तर लूडी हॅम्ब्रिकला! अख्खं चर्च जिला मदर म्हणायचं त्या लूडीला, जिच्या मयताला टोलेडो शहरातल्या चार चर्चमधली माणसं लोटली होती आणि बसायला जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभी होती. व्हर्लीनच्या पोटात आधी राग उठला, दूध उतू जाताना उठतं तसा. पण तो धड बाहेर सांडेना की खाली बसेना. त्याच्या बुडाशी काहीतरी तळाला लागलं होतं, आणि करपल्याचा तो वास तिला नवा नव्हता. वाक्याखाली नाव होतं. यारित्झा ओल्गिन, दुसरा मजला, पूर्व बाजू. सहा आठवड्यांपूर्वी कामाला लागलेली पोर.

वृद्धाश्रमाच्या त्याच दुसऱ्या मजल्यावर, टोकाला, व्हर्लीनची खोली होती. खोली म्हणजे पूर्वीची चादरींची कोठी. फळ्या काढून टेबल लावलं, संगणक ठेवला, तरी ओल्या सुताचा आणि खळीचा वास भिंतींनी सोडला नव्हता, आणि व्हर्लीनला तो हवाच होता. सव्वीस वर्षं ती सेविका होती. म्हाताऱ्यांना उठवणं, निजवणं, पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं. गुडघ्यांनी जबाब दिला तेव्हा मोठ्या कचेरीनं तिला नव्या सेविकांना शिकवायच्या कामावर बसवलं. दोन वर्षांपूर्वी कचेरीनं कुठूनशी पाठांची एक अख्खी कोठीच विकत आणली. चाळीस हजार पाठ त्यात : चित्रफिती, व्याख्यानं, लेख, प्रश्नोत्तरं. 'यातून आपापल्या माणसांना लागेल तेवढंच निवडून द्या,' असा हुकूम आला. दुसऱ्या वृद्धाश्रमांतल्या शिकवणाऱ्यांनी वरची शंभर नावं उचलली आणि मोकळे झाले. पोरी पाठ लावून ठेवायच्या आणि समोर बसून जेवायच्या. व्हर्लीनला ते जमेना. दर शनिवारी घरी ती कोलार्डची जुडी घेऊन बसायची, समोर पाठ लावायचा, आणि एकीकडे भाजी निवडायची, एकीकडे पाठ. पिवळं पान बाजूला, किडकं पान बाजूला, दांडा जाड असेल तर मोडून टाकायचा. मग तीन पाण्यांतून भाजी काढायची, कारण कोलार्डच्या पानात रेती लपून राहते आणि ऐन घासाला दाताखाली येते. पाठांचंही तेच. बिछान्यात पडून होणाऱ्या जखमांवर एका डॉक्टरचं तासाभराचं व्याख्यान होतं. त्यातली शेवटची सहा मिनिटं तिनं ठेवली, कारण तिथे त्याला स्वतःची आई आठवली होती आणि तो माणसासारखा बोलायला लागला होता. कुठल्याशा देशातला न्हावी एका थरथरत्या म्हाताऱ्याची दाढी करतोय, अशी तीन मिनिटांची एक फीत. शब्द एक कळत नाही, पण दोन बोटांत हनुवटी कशी धरावी ते डोळ्यांना कळतं. ती ठेवली. बालवाडीतली एक बाई पोराशी बोलायच्या आधी गुडघ्यावर बसते, ती ठेवली. असे एक्केचाळीस वेचले. आणि सतरावा पाठ मात्र त्या चाळीस हजारांतला नव्हता. तो व्हर्लीनच्या टेबलाच्या खणातल्या बिस्किटांच्या डब्यातला होता. नाव दिलं होतं, 'कुशीवर वळवणं.' अवधी, चार मिनिटं. कचेरी यादीवर खूश होती. येत्या सोमवारी ती जशीच्या तशी आणखी अकरा ठिकाणी जाणार होती.

"तुझी ती ओल्गिन चालली बरं का." दारातून ग्विनचं डोकं आत आलं. ग्विन या मजल्याची नर्स. ती खोलीत अशी कधी यायची नाही, नुसतं डोकं पाठवायची.

"कुठे चालली?"

"घरी. कायमची. तीनला पाळी संपली की ओळखपत्र ठेवून जाणार म्हणते. मी म्हटलं, अगं, दोन आठवडे आधी तरी सांगतात. तर रडायलाच लागली. रडणाऱ्या पोरीला काय नियम वाचून दाखवू मी?"

"झालं काय पण?"

"फॉगल झाला, दुसरं काय! रविवारी त्यानं दलियाचा वाडगा तिसऱ्यांदा लवंडला. मुद्दाम. तुला ठाऊक आहे तो कसा आहे. आणि ही ओरडली. म्हणाली, तुमची मुलगी येत नाही ते काय उगीच नाही."

व्हर्लीननं डोळे मिटले.

"तेही एक वेळ राहू दे. पण तेव्हापासून म्हातारा बोलत नाही गं. भिंतीकडे तोंड करून पडलाय. फॉगल! आणि बोलत नाही! आज सकाळी मी त्याच्या जखमेवरची पट्टी खसकन ओढली, मुद्दाम, तरी शिवी नाही दिली मेल्यानं. मला करमेना झालंय." ग्विननं पडद्याकडे मान वळवली. "तुझ्या त्या यादीत यावर काही आहे का? चाळीस हजारांत?"

"बघते," व्हर्लीन म्हणाली. डोकं गेलं. दोन वाजायला आले होते. खाली गाड्यांच्या आवारात फेब्रुवारीतला बर्फ राखाडी होऊन कडेला साचला होता आणि त्याच्याखालून पाण्याची बारीक धार वाट काढत होती. यादीत यावर काही नव्हतं. यादीत यावर काही नव्हतं, कारण जे होतं ते तिनं स्वतःच्या हातानं खुडून बाजूला टाकलं होतं. बिस्किटांच्या डब्यातली टेप चार मिनिटांची नव्हती. एकोणीस मिनिटांची होती.

ती टेप भरली तेव्हा व्हर्लीन सत्तावीस वर्षांची होती आणि या वृद्धाश्रमात लागून तिला दोन महिने झाले होते. तिला शिकवायला पाठ नव्हते, लूडी होती. साठी उलटलेली, बुटकी, रुंद, पायांत पुरुषी बूट. शिकवणं म्हणजे तरी काय, मागेमागे हिंडायचं आणि बोलणी खायची. "हात आधी गरम कर. बर्फासारखे हात लावतेस, मेलेल्यांना आंघोळ घालतेस काय? ती जिवंत आहेत अजून." मग लूडी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासायची, गालाला लावून बघायची आणि मगच पांघरुणाखाली घालायची. "आधी सांग, मग शीव. 'आता खांदा धरते' म्हण, आणि मग धर. माणसाला आपल्या अंगाची बातमी दुसऱ्याच्या हातानं लागू नये." बारा नंबरच्या खोलीत मिसेस क्रोगमन होत्या. शाळेत गणित शिकवलेल्या, आता कुणाला न ओळखणाऱ्या, हाडांची मोळी नुसती. त्यांची लेक अलास्कात नोकरीला. यायला जमायचं नाही म्हणून तिनं टपालानं एक छोटा टेपरेकॉर्डर पाठवला होता. आईचा आवाज भरून पाठवा, काहीही बोलू दे, नुसती कण्हली तरी चालेल. दर रविवारी लूडी तो लावायची. मिसेस क्रोगमन कधी पाढे म्हणायच्या, कधी काहीच नाही. त्या रविवारी काहीच नाही म्हणाल्या, आणि लूडी यंत्र बंद करायचं विसरली. त्याच टेपेत ते सगळं उतरलं, दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे टपालात पडलं आणि अलास्काला गेलं. काय गेलं ते लूडीशिवाय इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार मिनिटं व्हर्लीनला पाठ होती. पाठ म्हणजे कशी, तर भांडी घासताना ओठांवर यायची. आधी तळवे घासल्याचा खसखस आवाज. मग लूडीचं साधं बोलणं, शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तसं. "आता खांद्याला हात लागेल हं माझा, मिसेस क्रोगमन. हा लागला. आता कमरेला. उजवीकडे जायचंय आपल्याला." आणि इथून कुठूनतरी, नेमकं कुठून ते शंभरदा ऐकूनही व्हर्लीनला सापडलं नव्हतं, बोलणं पायरी चढायचं. "उजवीकडे खिडकी, माझे बाई, खिडकीत ऊन... उन्हात चिमणी, माझे बाई, बसलीय केव्हाची... म्हणते कधी येशील, म्हणते तोंड कर इकडे..." पूर्वरंग सरून उत्तररंग लागावा तसं ते गद्य बघता बघता गाण्यावर यायचं. शब्द ओढले जायचे, श्वासाला ठोका यायचा, आणि त्या ठोक्यावर, मिसेस क्रोगमनचा श्वास बाहेर पडताना, लूडीचे हात त्यांना वळवायचे. वळताना त्या दुखून ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसतं 'आं' केलं, आणि ते 'आं' नेमकं सुरात होतं. रेव्हरंड बीझली तरी आणखी काय वेगळं करायचे? दर रविवारी अकरा वाजता ते हवापाण्याच्या बातम्या सांगितल्यासारखं प्रवचन सुरू करायचे, खिशातून रुमाल काढायचे, आणि विसाव्या मिनिटाला आवाज कुठेतरी अडकायचा, ऑर्गनवाला मागून एक स्वर टाकायचा. मग रेव्हरंड बोलतायत की गातायत ते त्यांचं त्यांना कळायचं नाही. पुढच्या बाकावरून लूडीचं "सांगा, सांगा, लपवू नका" चालू. अख्खं चर्च पायावर. व्हर्लीन पोरपणापासून त्या आवाजावर वाढली होती. देव आहे हे तिला कुणी पटवून दिलं नव्हतं. माणसाचा आवाज असा चढतो म्हणजे वर कुणीतरी हात धरून ओढत असणार, एवढं तिला कळलं होतं.

लपवू नका. हा शब्द आठवला आणि व्हर्लीनचा हात टेबलाच्या खणाशी गेला, तिथेच थांबला. सहा वर्षांपूर्वी लूडीनं शेवटच्या आजारात तो डबा तिच्या मांडीवर ठेवला होता. "टेप आहे. पुरती ऐक. मग तुला वाटेल ते कर. मला विचारायला येऊ नकोस, मी तेव्हा दुसऱ्या कामात असेन." व्हर्लीननं ऐकली. ऐकायची गरजही नव्हती, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला चादरीचं टोक धरून ती स्वतःच उभी होती त्या दिवशी. पण इतक्या वर्षांत तिनं आठवणीचीही भाजी निवडून टाकली होती. मयताच्या आदल्या दिवशी बहिणीच्या मुलाकडून तिनं टेप संगणकात चढवून घेतली, आणि त्यातली तेवढीच चार मिनिटं काढून रेव्हरंडना नेऊन दिली. "एवढंच?" त्यांनी विचारलं होतं. "एवढंच," ती म्हणाली होती. देवाच्या घरात, उभ्यानं. दुसऱ्या दिवशी शवपेटीशेजारी ती चार मिनिटं वाजली, रेव्हरंडनी सूर तिथूनच उचलला, आणि माणसं रडली, नाचली, अर्ध्या चर्चनं ती आपापल्या फोनवर घेतली. सगळं झालं. फक्त व्हर्लीनला, एकटीला, बसल्या जागी जाणवत राहिलं की आज रेव्हरंडचा आवाज वर चढतोय खरा, पण त्याला पायरी नाही. एरवी ते कुणाही भक्ताचं सांगताना त्याचं पाप आधी सांगायचे, नाव घेऊन, मीठमसाला लावून. तो कसा घसरला, कुठे तोंडावर पडला. पाप आल्याशिवाय त्यांच्या आवाजाला चढच यायचा नाही. लूडीचं सांगायला त्यांच्याजवळ तसलं काहीच नव्हतं. ते व्हर्लीनच्या पर्समध्ये होतं.

आणि डब्यात टेपेखाली एक चिठ्ठी होती, तीही तिनं वाचली होती. मिसेस क्रोगमन गेल्या त्यानंतर तीन आठवड्यांनी लेकीनं टेप परत पाठवली होती, सोबत अर्धं पान. 'मी सगळं ऐकलं. दोनदा. आईवर तुमच्या जागी मीही असंच ओरडले असते. पण नंतर तुम्ही जे केलंत ते मी केलं असतं का, ते मला सांगता येत नाही. ही टेप तुमच्याकडे असावी. हवी तिला ऐकवा.' जिला रागवायचा सगळ्यांत जास्त हक्क होता तिनं एक अक्षर गाळलं नव्हतं. गाळलं व्हर्लीननं. का? लूडीच्या नावासाठी, असं ती स्वतःला सांगत आली. पण आज ते वाक्य समोर होतं, ही बाई खरी असूच शकत नाही. पोरीची जीभ खरं ओळखत होती. चार मिनिटांची बाई खरी नव्हतीच. ती व्हर्लीननं शनिवारी, तीन पाण्यांतून काढून, रेती झटकून तयार केली होती. आणि टेप लावायची तर? त्यातलं लूडीचं ते एक वाक्य कचेरीत कुणाच्या कानी गेलं की यादीच काय, खोलीला कुलूप लागेल. चर्चमध्ये बायका म्हणतील, मदर लूडी असं बोलली? आणि म्हणतील, तू सहा वर्षं गप्प बसलीस? यातलं दुसरं जास्त लागत होतं, हेही तिला दिसलं, आणि तिला स्वतःची थोडी लाज वाटली, थोडं हसू आलं.

ती उठली. गुडघ्यांना सांगावं लागलं. चार दारं टाकून मिस्टर फॉगलची खोली. दार उघडं, आणि पांघरुणाखाली भिंतीकडे तोंड केलेला तो लांबट ढीग. डेलबर्ट फॉगल काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं निवडणारा होता. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मागे दिवा, हा बघायचा, तडा दिसला, बुडबुडा दिसला की काढून टाकायचा. तेच डोळे घेऊन तो इथे आला होता. कॉफी पाणचट, ग्विन जाड, रेव्हरंड कंटाळवाणे, व्हर्लीनचा केसांचा टोप वाकडा. "तुम्ही किती बाटल्या फेकल्या असतील हो आयुष्यात?" तिनं एकदा विचारलं होतं. "फेकत नाहीत, बाईसाहेब! फोडून परत भट्टीत घालतात. फुटकी काच घातली नाही तर नवी लवकर वितळत नाही. शिकवायला बसलीय आणि एवढं ठाऊक नाही." आज ती दारात उभी राहिली तरी टोपाबद्दल शब्द आला नाही. "मिस्टर फॉगल," ती म्हणाली. ढीग श्वास घेत राहिला.

यारित्झा न्हाणीघरापाशी टॉवेलांच्या घड्या घालत होती. जाणाऱ्या माणसाच्या घड्या इतक्या नेटक्या कशा, असं व्हर्लीनच्या मनात आलं.

"मिस व्हर्लीन, समजूत घालायला आल्या असाल तर नका घालू. ग्विननं घातली. घरी आईनं घातली."

"समजूत कसली? भांडायला आलेय. माझ्या मैत्रिणीला खोटी म्हणालीस तू."

पोरीच्या हातातला टॉवेल थांबला. "ती... तुमची मैत्रीण? मला वाटलं कुणी नटी असेल. त्या सगळ्या पाठांत नट्याच असतात ना, पांढरे दात काढून म्हाताऱ्यांशी गोड बोलणाऱ्या."

"नटी! लूडी हॅम्ब्रिक! अगं, तिला तीन दात सोन्याचे होते आणि फोटो काढायचा म्हटलं की ती संडासात जाऊन बसायची."

यारित्झा हसली आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "मी ते रोज ऐकते. बसमध्ये, जाताना, येताना. सगळं पाठ झालंय मला. वाटायचं, ऐकत राहिले की आपणही तशा होऊ. आणि रविवारी माझ्या तोंडातून ते निघालं. तेव्हा कळलं. तिच्या आत असलं काही नाहीच. माझ्या आत आहे. मग कशाला थांबू? आज बोलले, उद्या हात उचलेन."

"माफी मागितलीस त्यांची?"

"कुठल्या तोंडानं? त्यांची मुलगी खरंच येत नाही, मिस व्हर्लीन. मी खोटं बोलले असते तर माफी तरी मागता आली असती."

व्हर्लीननं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन झाले होते. "तीनला वेळ आहे अजून," ती म्हणाली. "माझ्या खोलीत चल. बूट काढून बस जरा. एकोणीस मिनिटं दे मला."

"ते तर चार मिनिटांचं आहे."

"चार मी ठेवली," व्हर्लीन म्हणाली.

खोलीत आल्यावर यारित्झानं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, उरकून टाकल्यासारखं, फोटो खाली करून. व्हर्लीननं खणातून डबा काढून समोर ठेवला, संगणकात चढवलेली अख्खी टेप शोधली. ऐकायच्या तारेच्या टोकाला कानात घालायच्या दोन गोळ्या, त्यांतली एक पोरीच्या कानात, एक आपल्या. दोघींची डोकी जवळ आली. पोरीच्या केसांना बसचा, थंडीचा आणि कसल्याशा खोबरेल तेलाचा वास होता. सुरुवातीला नुसती खरखर. मग पलंगाची कुरकुर. मग मिसेस क्रोगमनचं ओरडणं, चिरकं, हाडातून आलेलं, आणि लूडीचं दमलेलं "नाही, नाही, असं नाही, सोडा बघू, सोडा." झटापट. व्हर्लीनचा स्वतःचा आवाज, किती पातळ होता तेव्हा, "मदर लूडी, चावतायत त्या." धप्पकन काहीतरी पडलं. ते पाण्याचं भांडं, व्हर्लीनला आत्ताही पावलांवर गार लागलं. लूडीची त्या दिवशी सलग दुसरी पाळी होती, मनगटातून रक्त आलं होतं. आणि मग लूडीचा आवाज. तोच आवाज, पण खाली कुठेतरी तळातून, सावकाश, एकेक शब्द ठेवत :

"मर ना एकदाची, म्हातारे! म्हणजे तुझीही सुटका, नि माझीही."

यारित्झाचा हात तोंडावर गेला. ती वळून व्हर्लीनकडे बघायला लागली आणि दोघींमधली तार ताणली गेली. व्हर्लीननं नुसती मान हलवली. हो, तीच.

त्यापुढे शांतता होती. टेपेवर ती मोजली तर चाळीस सेकंदं भरतात, व्हर्लीननं मोजली होती. पण दुसऱ्या कुणाला शेजारी घेऊन ती ती शांतता आज पहिल्यांदा ऐकत होती, आणि आज ती वेगळी लागली. त्यात एक घड्याळ होतं. लांब कुठेतरी ताटं वाजत होती. मिसेस क्रोगमनचा घशातला बारीक सूर होता, मार खाल्लेल्या जनावरासारखा. आणि तिघींचे तीन श्वास, एकमेकींना न जुळणारे. आपण त्या वेळी चादरीच्या टोकाकडे बघत होतो, वर बघायची छाती झाली नव्हती, हे व्हर्लीनला आठवलं. मग पुरुषी बुटांचा आवाज आला. एक पाऊल, दोन पावलं. गुडघे टेकल्याचा आवाज, आणि त्याबरोबर लूडीचं "आई गं", कारण तिचेही गुडघे चांगले नव्हतेच.

"मिसेस क्रोगमन. मी आत्ता बोलले ते तुम्ही ऐकलंत. देवानंही ऐकलं. त्याच्याशी मी संध्याकाळी बघून घेईन. तुमच्याशी आत्ता." थांबली. "ते वाक्य माझंच होतं. दमले म्हणून निघालं असं म्हणेन, पण आत होतं म्हणून निघालं. पुन्हा निघणार नाही असं वचन देत नाही, मी मला ओळखते. पण निघालं की मी अशीच खाली बसेन तुमच्यापुढे. एवढं देते. चालेल?" घशातला तो बारीक सूर थांबला. मग तळवे घासल्याचा खसखस आवाज. "आता खांद्याला हात लागेल हं माझा, मिसेस क्रोगमन..."

यारित्झा उठली. कानातली गोळी काढून तिनं टेबलावर ठेवली. डोळे, नाक, सगळं वाहत होतं आणि ती ते बाहीनं पुसत होती, लहान मुलं पुसतात तसं, आडवं.

"कुठे निघालीस? गाणं तर आत्ता लागलं."

"गाणं मला पाठ आहे, मिस व्हर्लीन," ती म्हणाली. "मधलंच ठाऊक नव्हतं."

दाराशी जाऊन ती परत फिरली. टेबलावरचं ओळखपत्र उचललं, सुलटं केलं, गळ्यात घातलं. ते असल्याशिवाय कुणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. पहिल्याच पाठातला. बूट घालायचं मात्र ती विसरली. मोजे घातलेल्या पावलांचा आवाज फरशीवरून गेला आणि मध्येच कुठेतरी संपला.

व्हर्लीननं दुसरी गोळीही कानात घातली. लूडी गात होती. खिडकीत ऊन, उन्हात चिमणी. पण आज त्या आवाजाखाली पायरी होती. गुडघ्यावर बसलेली बाई उठताना तिचा आवाज वर जात होता, आणि कुठून चढ लागतो ते इतक्या वर्षांत न सापडलेलं ठिकाण व्हर्लीनला आज ऐकू आलं. ते चार मिनिटांत नव्हतंच. ते त्याच्या आधी होतं. आपण रडतोय की नाही याकडे तिनं लक्ष दिलं नाही. मिसेस क्रोगमनचं 'आं' आलं. चादर ओढली गेली. "घट्ट ओढ गं, सुरकुती राहिली तर त्यांना खुपेल," आणि व्हर्लीनचा तेव्हाचा पातळ आवाज, "हो, मदर लूडी." पाणी पुसल्याचे आवाज. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. आणि अगदी शेवटी, यंत्राच्या फार जवळ, दचकलेलं, "अगबाई! हे चालूच होतं?" आणि खट्‌.

व्हर्लीन एकटीच हसली. मग तिनं यादी उघडली. सतराव्या पाठातली चार मिनिटं काढली, जागा रिकामी झाली. तिथे अख्खी टेप ठेवली. 'अवधी' असं लिहिलेल्या चौकटीत चार खोडून एकोणीस केलं. सोमवारी अकरा ठिकाणी जायचं ते हेच. कचेरीतून फोन आला तर आला. लूडीच्या टेपेशेजारी ती चिठ्ठीही ठेवायची, लेकीची, आणि रविवारी दुपारी रेव्हरंडकडे जायचं, एवढंच नव्हतं म्हणून सांगायला. ते काय म्हणतील? रुमाल काढतील बहुतेक. यादी पक्की करायच्या कळीवर बोट दाबायच्या आधी ती थांबली. भीतीनं नाही. बाहेर फार शांत होतं म्हणून. टेपेवरच्या त्या चाळीस सेकंदांसारखं. ताटं वाजत होती लांब कुठेतरी. चार दारांपलीकडे एक पोर मोज्यांवर, फरशीवर, गुडघे टेकून बसली असेल की नुसती दारात उभी असेल, भिंतीकडे वळलेल्या पाठीकडे बघत, ते इथून कळायला मार्ग नव्हता. घड्याळाचा काटा तीनकडे सरकत होता. व्हर्लीननं दोन्ही गोळ्या कानांतून काढल्या आणि श्वास धरून ऐकत राहिली.

आणि मग, दोन दिवसांचा गंज चढलेला, खरखरीत, चिडका आवाज पूर्ण मजल्याला ऐकू गेला :

"अगं, हात किती गार आहेत तुझे! आधी गरम कर ते, मूर्ख पोरी! कुणी शिकवलंय की नाही तुला?"

व्हर्लीननं बोट दाबलं.